रिबाक जवळचा वाटतो, हीच अडचण आहे

लारिसा शेपित्को यांचा १९७७ सालचा ‘द असेंट’ हा सोव्हिएत चित्रपट परवा दुसऱ्यांदा पाहिला. त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. वासिल बिकॉव्ह यांच्या कथेवर बेतलेल्या या चित्रपटाबद्दल बोलताना बहुतेक जण सोत्निकोव्हच्या बलिदानाबद्दलच बोलतात. मला मात्र त्याचा सोबती रिबाक जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९४२चा हिवाळा, जर्मनांच्या ताब्यातला बेलारूस. जर्मनांशी लढणाऱ्या, जंगलात लपलेल्या उपाशी गनिमी टोळीसाठी अन्न आणायला निघालेल्या या दोघांपैकी सोत्निकोव्ह आजारी आहे, आणि पायाला गोळी लागल्यावर जिवंत हाती सापडू नये म्हणून तो स्वतःची बंदूक हनुवटीखाली धरतो. तेवढ्यात रिबाक गोळीबारातून मागे सरपटत येतो आणि त्याला बर्फावरून ओढत घेऊन जातो. हा प्रसंग दिग्दर्शिकेने मुद्दाम लांबवला आहे. दोघांचे धापा टाकणे ऐकू येत राहते, आणि रिबाक भित्रा नाही हे आपल्याला कायमचे पटते. म्हणूनच पुढची फितुरी इतकी बोचते.

कारण ती एका झटक्यात होत नाही. चौकशी करणारा पोर्तनोव्ह जर्मन नसून तिथलाच माणूस आहे. ही भूमिका अनातोली सोलोनित्सिन यांनी आवाज न चढवता केली आहे. तो सोत्निकोव्हच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने तारा उमटवतो, तर रिबाकला पोलिसात नोकरी देऊ करतो. सत्तेला माणूस ओळखता येतो, तो असा. रिबाकचा हिशेब साधा आहे: शिर सलामत तो पगडी पचास, आज थोडे सांगू, वेळ काढू, संधी मिळताच पळू. हा हिशेब आपण कार्यालयात, सोसायटीच्या सभेत रोज करतो, फक्त तिथे फास टांगलेला नसतो.

एक तक्रार नोंदवतो. शेवटाकडे सोत्निकोव्हच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो आणि श्नित्के यांचे संगीत ज्या तऱ्हेने चढत जाते, त्यात माणूस हरवतो आणि संत उरतो. खरे तर त्याच्या त्यागाने कोणीच वाचत नाही. सगळा दोष स्वतःवर घेऊन इतरांना सोडा, असे तो सांगतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्या देम्चिखाच्या घरात त्याच्या खोकल्याने ते पकडले गेले, ती तीन लेकरांची आईसुद्धा फासावर जाते. हा हिशेब चित्रपटाने अधिक निष्ठुरपणे मांडायला हवा होता.

रिबाकच्या बाबतीत मात्र चित्रपट कुठेच मऊ पडत नाही. इतरांच्या फाशीनंतर रिबाक शौचकूपात स्वतःच्या पट्ट्याचा फास करून पाहतो, आणि तेही त्याला जमत नाही. बाहेर येतो तेव्हा समोर फाटकापलीकडे पांढरा माळ पसरलेला असतो, ज्यावरून तो मनातल्या मनात पळून गेलेला आहे.