अस्वलं वाचवणारी गावं आणि सत्तरीवरचा शिक्का

गोव्यातल्या सत्तरी-डिचोली तालुक्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. वर तपकिरी अस्वलाचा फोटो, खाली मजकूर: ‘युरोपातल्या गावकऱ्यांनी नामशेष होणारी अस्वलं वाचवली. ते लोक शिकलेले, प्राण्यांवर माया करणारे, शिवाय पैसेवाले. आपले लोक विष घालतात. माणूस हलवल्याशिवाय म्हादई अभयारण्यात काही वाचणार नाही.’ चांगली जाणती माणसंही ‘अगदी खरं’ म्हणून तो पुढे ढकलतायत.

आधी मायेचं बघू. इटलीच्या अब्रुझ्झो भागात मार्सिकन नावाची तपकिरी अस्वलं आहेत. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि उरलीत जेमतेम पन्नास-साठ. त्यांतली आमारेना ही मादी पिल्लं घेऊन गावांतून फिरायची, लोक तिचे व्हिडिओ काढायचे. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी एका गावकऱ्याने तिला बंदुकीने मारलं. आपल्या आवारात शिरली, भीती वाटली, असं त्याचं म्हणणं. तिचा मुलगा हुआन कारितो त्याच वर्षी जानेवारीत गाडीखाली गेला होता. विलावालेलोंगाच्या डोंगरात पाण्याच्या एका टाकीत २०१० मध्ये दोन अस्वलं बुडाली, आणि त्याच टाकीत २०१८ मध्ये आई आणि दोन पिल्लं. आठ वर्षं टाकी तशीच! शिकलेल्या लोकांचाच हा देश.

म्हणजे तिथेही माणसं आपल्यासारखीच: घाबरणारी, चालढकल करणारी. तिथल्या स्वयंसेवी गटांनी मायेची वाट न बघता हातात घेता येतील अशी कामं घेतली. टाक्यांना कुंपण घालणं, रानातली जुनी काटेरी तार काढणं, कोंबड्यांच्या खुराड्याला विजेचं कुंपण, अस्वलाला उघडता येणार नाही असं झाकण कचऱ्याच्या डब्याला.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा आहे. युरोपीय संघाचा निधी मिळाला, तो कशाला नाकारा? पण स्पेनच्या अस्तुरियासमध्ये मधाच्या पेट्यांभोवती दगडाच्या गोल, उंच भिंती आहेत, त्यांना कोर्तिन म्हणतात. अस्वलाला चढून आत उतरता येऊ नये म्हणून वरच्या फरशा भिंतीबाहेर डोकावणाऱ्या ठेवलेल्या. निधी, प्रकल्प हे शब्दही नव्हते तेव्हापासून गावकरी त्या रचत आलेत. आता तिथे बॅटरीचं कुंपण असतं, म्हणजे आपल्याकडचं झटका मशीनच. (मेन लाइनची वायर थेट कुंपणाला जोडणं वेगळं, त्याने माणसं मरतात.) झटका मशीन काही परदेशी जादू नाही. अडचण नंतर येते. खालच्या तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि झटका मरतो. आपल्या पावसात गवत आठवड्यात कमरेला लागतं, तेव्हा कोयता घेऊन कुणीतरी नेमाने जावंच लागतं. कुळागरवाल्याला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागवाल्याला, हे सांगायला नको. यंत्राला एकदा पैसे मिळतील, पण पावसाभर राखण कोण करणार, हे गावातच ठरावं लागतं.

आता विषाचं. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, गोळावलीत, वाघीण आणि तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारल्याच्या रागातून विष घातल्याचं तपासात पुढे आलं. हे झाकायचं कारण नाही. पण स्पेनमध्येही तेच चालायचं: रानडुकरांसाठी लावलेल्या फाशांत अस्वलं अडकायची, विषही होतं. १९९२ पासून तिथली ओसो पार्दो ही संस्था गस्त घालून असे फासे काढतेय. नव्वदच्या दशकात उत्तर स्पेनच्या कांताब्रियन डोंगरात शंभराच्या आत अस्वलं होती, २०२० च्या गणनेत सुमारे ३७०. यासाठी गावं उठवली नाहीत. त्याच डोंगरातल्या सोमिएदो उद्यानात आजही गावं आहेत, गुरं चरतात आणि त्याच उतारांवर अस्वलं बघायला पर्यटक येतात.

डुकरांचे फासे सत्तरीला काय नवे आहेत? आपल्याकडे त्यांत बिबटे मरतात. ते कुठल्या वाटेवर, कुठल्या ओहोळाकाठी लावतात हे तिथे गुरं चारणाऱ्याला माहीत असतं, पणजीत बसून कळत नाही. त्याला हलवलंत तर लावणारा रात्री येईलच, दाखवणारा तेवढा जाईल.

फॉरवर्डवाल्यांनी एक आक्षेप घ्यायला हवा होता, तो घेतलाच नाही: वाघ म्हणजे अस्वल नव्हे, आणि मेलेली दुभती म्हैस म्हणजे मधाची फुटकी पेटी नव्हे. हा फरक मला मान्य आहे. उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तीन महिन्यांत म्हादईत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तेव्हापासून सगळी चर्चा गावं उठणार की राहणार यावरच अडकलीय. म्हैस मेल्यावर पंचनामा किती दिवसांत होणार, पैसे कुणाच्या सहीने सुटणार आणि तोवर त्या घरात दूध कुठून येणार, यावर निदान एक ग्रामसभा तरी घ्या.