अलेप्पीला जाताय? हाऊसबोट नंतर बघू, आधी गाडी आणि सरकारी बोट

गोव्यातून अलेप्पीला, म्हणजे अलप्पुळाला जायचं ठरलं की पहिला फोन हाऊसबोटवाल्याला जातो. मला हे उलटं वाटतं. हे गाव कालव्यांचं आहे, आणि मोठी हाऊसबोट अरुंद कालव्यात शिरूच शकत नाही. ती पुन्नमडा आणि वेंबनाड तलावाच्या मोकळ्या पाण्यावर फिरते, आणि तुमच्या पुढेमागे तशाच पन्नास बोटी असतात. कालवे बघायचे तर रेल्वेने उतरावं, कालव्याकाठी पायी फिरावं आणि सरकारी बोटीत बसावं. खर्च कितीतरी कमी येतो आणि हाती लागतं जास्त.

सुरुवात तिकिटापासून करू, कारण घोळ तिथेच होतो. केरळात एर्नाकुलमच्या पुढे तिरुवनंतपुरमला जायला दोन मार्ग आहेत, एक कोट्टयमवरून आणि एक अलेप्पीवरून. गाडीच्या पाटीवर तिरुवनंतपुरम दिसलं म्हणून ती अलेप्पीला थांबेलच असं नाही. आरक्षण करताना उतरायचं स्टेशन म्हणून एएलएलपी हा कोडच टाका. एर्नाकुलमला उतरून गाडी बदलणार असाल तर जंक्शन म्हणजे ईआरएस आणि टाऊन म्हणजे ईआरएन, ही दोन वेगळी स्टेशनं आहेत हे पक्कं लक्षात ठेवा. अलेप्पीकडच्या गाड्या जंक्शनवरून सुटतात. सामान घेऊन रिक्षाने एकीकडून दुसरीकडे धावण्यात हातातली गाडी चुकते.

मडगावहून सरळ अलेप्पीला नेणारी रोजची गाडी म्हणजे १६३४५ नेत्रावती. ती रात्री मडगाव सोडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अलेप्पीला पोचते. अंतर साधारण आठशे किलोमीटर. कारवार, उडुपी, मंगळूर सगळं झोपेत मागे पडतं. सकाळी कोळिकोडच्या पुढे मात्र उजव्या खिडकीला बसा. कुट्टिपुरमपासून शोरनूरपर्यंत भारतप्पुळा नदी रुळांच्या सोबतीने चालते, आणि मे महिन्यात तिची वाळू जास्त आणि पाणी कमी दिसतं. दुसरी गाडी १२६१८ मंगला. ती एर्नाकुलमपर्यंतच जाते आणि सकाळी पोचवते. पावसाळा सोडून प्रवास असेल आणि गाडी वेळेवर असेल, तर हिच्यातून कारवारची काळी नदी आणि होन्नावरचा शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल उजेडात दिसण्याची शक्यता असते. तेवढ्यासाठी एर्नाकुलमला गाडी बदलायचा त्रास सोसावा असं माझं मत आहे.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पण हे दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजले जातात. नेत्रावती मुंबईहून निघून त्याच दिवशी मडगावला येते, म्हणून तिचा हिशेब सरळ आहे. मंगला मात्र निजामुद्दीनहून आदल्या दिवशी निघालेली असते. त्यामुळे तिचं तत्काळ मडगावच्या प्रवासाच्या दोन दिवस आधी उघडतं. एसीला सकाळी १० वाजता, स्लीपरला ११ वाजता. आदल्या दिवशी १० वाजता मोबाईल घेऊन बसणाऱ्याला तिकीट संपलेलंच दिसणार. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळत नाही, ते काम आठवडाभर आधी उरका.

मडगाव हे मधलं स्टेशन असल्यामुळे वेटिंग बहुतेक वेळा आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातलं, पडतं. त्यातलं दहा-बारा नंबरचं वेटिंग म्हणजे मुंबईच्या जीएनडब्ल्यूएलमधलं, म्हणजे मुख्य कोट्यातलं, दहा-बारा नव्हे, ते फार हळू सरकतं. अशा वेळी थिवी किंवा कुडाळहून जागा दिसते का ते बघा. मिळाली तर तिकडून तिकीट काढून बोर्डिंग पॉईंट, म्हणजे चढायचं स्टेशन, मडगाव करून घ्या, निदान २४ तास आधी. हे न करता सरळ मडगावला चढलात तर तुमचा बर्थ टीसीने दुसऱ्याला दिलेला असू शकतो, आणि नियम त्याच्या बाजूने असतो. चतुर्थी आणि ओणम जवळजवळ येतात, त्या दिवसांत वेटिंगच्या भरवशावर निघू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या दरडींच्या भीतीने सावकाश धावतात आणि वेळापत्रक बदलतं. २०२५ मध्ये हे पावसाळी वेळापत्रक १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं. या काळातली वेळ जुन्या तिकिटावरून धरू नका.

एर्नाकुलम ते अलेप्पी ५७ किलोमीटर. हा मार्ग १९८९ मध्ये सुरू झाला आणि बराचसा अजून एकेरी आहे, दुपदरीकरण चालू आहे. समोरून गाडी येत असली की आपली गाडी छोट्या स्टेशनात थांबून राहते. तासाभराचं अंतर म्हणून पुढची बोट अगदी टोकाला धरून ठेवू नका.

अलेप्पी स्टेशन समुद्राच्या बाजूला आहे आणि बोट जेट्टी गावाच्या दुसऱ्या टोकाला, तीन-चार किलोमीटरवर, केएसआरटीसीच्या, म्हणजे केरळच्या सरकारी बसच्या, स्टँडला लागून. स्टेशनाबाहेर हाऊसबोटीचे दलाल भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे चला. ऊन उतरलं की समुद्रापासून जेट्टीपर्यंत कालव्याच्या काठाने पायी या. या गावाचं सगळं गणित त्या वाटेवर समजतं. १७६२ मध्ये त्रावणकोरच्या धर्मराजाच्या काळात हे बंदर उघडलं. दिवाण राजा केशवदासांनी समुद्रापासून वेंबनाडपर्यंत दोन समांतर कालवे खणून घेतले. उत्तरेकडचा वाडै कालवा आणि दक्षिणेकडचा कमर्शियल कालवा. आतल्या मळ्यांतून मिरी, वेलदोडा, सुंठ वळ्ळमांतून, म्हणजे तिथल्या लाकडी होड्यांतून, या कालव्यांनी गोदामाच्या दारात यायचं आणि तिथून जहाजावर चढायचं. समुद्रात घुसलेला १८६२ चा धक्क्याचा पूल आता खांबांपुरता उरला आहे. त्याच वर्षीचं दीपगृह मात्र उभं आहे, सोमवारी बंद असतं. जवळच गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आणि जैन मंदिर आहे. काथ्याच्या गालिच्यांचा पहिला कारखाना जेम्स डॅरा याने इथेच १८५९ मध्ये काढला. काथ्यात रस असेल तर कलवूरचं काथ्या संग्रहालय बघा, नाही तर वेळ बोटीला द्या.

कालव्याचं पाणी स्वच्छ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. गावातल्या भागात जलपर्णी दाटते, कधी कधी इतकी की पाणी दिसतच नाही. याचं एक मोठं कारण उत्तरेला आहे. तण्णीरमुक्कमचा बंधारा १९७० च्या दशकात बांधला, भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून. उन्हाळ्यात तो बंद असतो. जलपर्णी खाऱ्या पाण्यात मरते, पण खारं पाणीच अडवलं आणि भरती-ओहोटीने होणारी धुलाईही थांबली. शेतकऱ्याला बंद दारं हवीत, मच्छीमाराला उघडी. हा वाद तिथे दरवर्षी होतो आणि दोन्ही बाजूंचं खरं आहे.

आता बोट. राज्य जलवाहतूक खात्याचं मुख्यालयच अलेप्पीत आहे. आपल्या नदी परिवहन खात्याची फेरीबोट या काठावरून त्या काठाला जाते आणि परत येते. तिथली बोट बससारखी लांबवर जाते, दर काही मिनिटांनी थांबा, शाळेची मुलं, भाजीच्या टोपल्या, गॅसचे सिलिंडर. तिकीट बोटीतच मिळतं आणि बसच्या तिकिटाएवढंच असतं. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. पुढे चाकावर बसतो तो स्रांक, म्हणजे आपला सारंग. इंजिन चालवणारा ड्रायव्हर वेगळा आणि खाली इंजिनापाशी. त्याला समोरचा धक्का दिसत नाही. सारंग दोरी ओढतो, घंटा वाजते, आणि घंटेच्या खुणेवरून ड्रायव्हर वेग कमी करतो, थांबवतो किंवा मागे घेतो. लास्कर, म्हणजे खलाशी, दोराचा एक वेढा खांबाला टाकतो, पाच-सात माणसं चढतात-उतरतात, वेढा सुटतो. पुरता अर्धा मिनिटही लागत नाही. म्हणून उतरायचं असेल तर आधीच उठून दाराशी या, आणि मोठी चाकाची बॅग लॉजवरच ठेवा.

कोट्टयमची बोट साधारण अडीच तास घेते. पूल किंवा जलपर्णीची अडचण असली तर ती अलीकडे कांजिरमलाच संपते, चढतानाच विचारून घ्या. वेळ कमी असेल तर नेडुमुडी, कावालम किंवा पुलिंकुन्नची बोट धरा आणि त्याच बोटीने परत या. धक्क्यावरच्या पाट्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा गावाचं नाव मोठ्याने उच्चारून कंडक्टरला विचारणं सोपं.

बोटीतून दिसतं ते कुट्टनाड, आणि हे गोव्याच्या माणसाला इतरांपेक्षा जास्त कळेल, कारण आपण खाजन शेती जाणतो. बांध आहे, आत भात आहे, बाहेर पाणी चढलेलं आहे. पण आपल्या मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या मोरीचं, दार ओहोटीला पाण्याच्या दाबानेच उघडतं आणि शेतातलं पाणी आपोआप बाहेर जातं. कुट्टनाडची शेतं समुद्रपातळीच्याही दोन-दोन मीटर खाली आहेत, आणि तिथली भरती-ओहोटी आपल्यापेक्षा लहान. ओहोटीलाही बाहेरचं पाणी शेतापेक्षा वरच राहतं. म्हणून पाणी उपसावंच लागतं. पूर्वी माणसं पायाने चक्रं फिरवत. आता बांधावर लाकडी खोपटात पेट्टी-परा दिसेल. परा म्हणजे उभं पिंप, त्यात पंखा फिरतो. पेट्टी म्हणजे त्याला जोडलेली लांब आडवी पेटी, तिच्यातून पाणी बांधापलीकडे पडतं. पावसाळ्यानंतर उपसा करून पेरणी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कापणी. या शेतीला २०१३ मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आपली खाजनं बांध फुटून खारफुटीखाली जात असताना हे बघून यायलाच हवं.

अगदी अरुंद कालव्यांसाठी हाताने वल्हवायची होडी घ्या, सकाळी साडेसहाला. नऊनंतर ऊन आणि इंजिनांचा आवाज दोन्ही वाढतात. खायला करिमीन मागा. नाव वेगळं असलं तरी ते आपलं काळुंदरच, केळीच्या पानात भाजलेलं.

तरीही हाऊसबोट हवीच असेल तर चार गोष्टी पैसे देण्याआधी विचारा. दुपारी बाराला चढल्यावर बोट प्रत्यक्ष किती तास चालणार? संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मच्छीमारांच्या जाळ्यांमुळे ती काठाला बांधतात, म्हणजे बावीस तासांच्या पैशात फिरणं पाच-सहा तासांचं. एसी दिवसभर की फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा? रात्री बांधणार कुठे? आणि संडासाचं पाणी टाकीत जातं की तलावात? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर ती बोट घेऊ नका.

परतीची १६३४६ नेत्रावती अलेप्पीहून दुपारी बाराच्या आसपास निघते. सकाळची होडी साडेनऊपर्यंत आटपली तर नाश्ता करून आरामात स्टेशन गाठता येतं. मडगाव मात्र पहाटे अंधारात येतं आणि गाडी काही मिनिटंच थांबते. रेल्वेच्या १३९ या नंबरवर उठवण्याचा अलर्ट लावा, शिवाय मोबाईलचा गजर कारवारच्या वेळेला लावा, म्हणजे काणकोण येईपर्यंत सामान दाराशी असेल.