नुसतं साफ करतोय

"काय, गाडी विकायला काढली वाटतं?"

रविवारी सकाळी साडेआठ ते बारा या वेळात हा प्रश्न मला सात जणांनी विचारला. त्यात पेपरवाला होता, बी विंगचे आजी आणि माजी असे दोन्ही सेक्रेटरी होते, कुत्रं फिरवणाऱ्या बाई होत्या आणि ज्यांच्याशी लिफ्टमधल्या "पाचवा?" "हो" यापलीकडे माझं कधी बोलणं झालेलं नाही असे एक गृहस्थही होते. मी काय करत होतो? टायर धूत होतो. स्वतःच्या गाडीचे, स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःचे गुडघे फरशीला टेकून.

दसऱ्याला हेच केलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. त्या दिवशी माणूस गाडीला आंघोळ घालतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, सगळं चालतं. पण दसरा होऊन दोन महिने झालेले असताना टायर घासणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा त्याला पैशांची निकड असते. सोसायटीने बहुमताने दुसरा पर्याय निवडला.

मूळ कारण म्हणजे टायर चमकवायच्या पॉलिशची ४४९ रुपयांची एक बाटली. रात्री झोप येत नव्हती, मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक हसरा माणूस मातकट टायरवरून स्पंज फिरवतो आणि टायर काळाभोर होतो. दहा मिनिटं, असं तो म्हणाला होता. मला पहिल्याच टायरला पन्नास मिनिटं लागली, कारण लावण्याआधी टायर धुवावा लागतो हे त्याने हसण्याच्या नादात भराभर सांगून टाकलं होतं.

धुताना तपकिरी फेस येतो. घासा, तपकिरी. पुन्हा घासा, पुन्हा तपकिरी. मला वाटलं, सात वर्षांचा सिंहगड रोड निघतोय. चिवटपणे घासत राहिलो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्यातला बराचसा तपकिरीपणा चिखलाचा नव्हताच. हवेतला ओझोन रबर तडकवतो, म्हणून टायर बनवतानाच रबरात एक रसायन घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनला स्वतःवर झेलतं आणि तपकिरी पडतं. म्हणजे टायरने स्वतःच्या रक्षणासाठी अंगावर आणलेलं मलम मी घासून गटारात सोडत होतो, आणि मग त्याच रक्षणासाठी ४४९ रुपयांचं दुसरं मलम लावणार होतो.

इथे अण्णा आले.

अण्णा तळमजल्यावर राहतात. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. मूळचे कराडकडचे. रविवारी सकाळी ते प्लास्टिकची खुर्ची आणि चहा घेऊन पार्किंगमध्ये बसतात आणि जे दिसेल त्याची देखरेख करतात. त्या दिवशी मी दिसलो. खुर्ची माझ्यापासून चार फुटांवर आली.

"इकायला काढली का काय?"

"नाही अण्णा. नुसतं साफ करतोय."

"नुसतं?"

हा शब्द त्यांनी असा उच्चारला की क्षणभर मलाच माझा संशय आला.

"आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एका ड्रायव्हरनं कधी टायर पुसला नाय. का, सांगा."

"का?"

"दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असायची."

मग त्यांनी बाटली मागितली. हात लांब करून, चष्मा कपाळावर चढवून वाचली. हुंगली. "नक्षीवर लावू नका हां हे. धायरी फाट्यावर ब्रेक माराल आणि थांबाल वडगाव पुलाखाली." हे बाटलीवरही लिहिलेलं होतं, फक्त वडगाव पूल नव्हता. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर नाही, फक्त बाजूच्या रबराला लावायचं, थोडं लावायचं, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं टिपून घ्यायचं. मी दोन हात लावले. माणूस फराळाच्या चकलीवरचं तेल टिपतो, पण विकत आणलेली वस्तू टिपून फेकायला त्याचा जीव होत नाही.

अण्णांवर छाप पाडावी म्हणून मी ज्ञान काढलं. म्हटलं, अण्णा, टायर मुळात काळा नसतोच. रबर दुधाळ रंगाचं. सुरुवातीच्या काळात टायर फिकटच असायचे. मिशेलिन कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस १८९८ सालचा, म्हणून तो पांढरा आहे. पुढे रबरात काजळी मिसळायला लागले, त्याने टायर टिकाऊ झाला आणि काळाही झाला.

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे मुळातच काजळ घातलंय."

"हो."

"आणि तुम्ही परत काजळ घालताय."

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी तिसऱ्या टायरकडे सरकलो. तेवढ्यात वरच्या खिडकीतून बायकोने विचारलं की भांड्यांची नवी घासणी कुठे गेली. मी खिडकीच्या विरुद्ध बाजूच्या टायरकडे सरकलो.

मी गाडीआड असतानाच अण्णांनी फोन केला होता. "माझ्या साडूचा पोरगा येतोय. नऱ्ह्यातच असतो, जुन्या गाड्यांचं करतो. बघून जाईल."

"अहो पण मी विकत नाहीये!"

"बघायला काय पैसे पडतात?"

वीस मिनिटांत पोरगा हजर. पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात दोन मोबाईल. गाडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. थेट उकिडवा बसला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि मी घासून लख्ख केलेल्या टायरवर गोल फिरवला. एका जागी थांबला. "३४१८."

"म्हणजे?"

"अठरा सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर." बाजूवरच्या त्या चार आकड्यांचा अर्थ हा असतो. मी सात वर्षं ही गाडी चालवतोय, मला माहीत नव्हतं. मी स्वतः घासून ते आकडे त्याला वाचता येतील असे केले होते.

मग त्याने एक बोट टायरवरून फिरवलं, अंगठ्याशी चोळलं आणि माझ्याकडे नाही, अण्णांकडे पाहून म्हणाला, "काका, टायर चोपडलेत. म्हणजे कायतरी झाकायचंय."

"मी काहीही झाकत नाहीये! नक्षी बघा ना, भरपूर आहे."

"नक्षी आहे ओ. टायर झिजून गोटा झालाय असं कुठं म्हणतोय मी? पण रबर म्हातारं झालंय. हे बघा." कंपनीच्या नावातल्या दोन अक्षरांच्या मधोमध केसाएवढी भेग होती. शेजारी दुसरी. मग सगळीकडे दिसायला लागल्या. काल रात्रीपर्यंत त्या चिखलाखाली सुखात नांदत होत्या.

"सिंगल ओनर?"

"हो, पण—"

"रनिंग?"

"एकतीस हजार, पण मी मुळात—"

"मीटर मागं केलेलं नाय ना?"

आता हा अपमान होता. मी शाळेत गृहपाठसुद्धा कोणाचा पाहून केलेला नाही. मी उठून उभा राहायचा प्रयत्न केला, पण तीन तास टेकलेले गुडघे नाही म्हणाले, त्यामुळे पुढची सगळी बोलणी मी त्याच्या पायाशी बसून केली.

"एक पंच्याहत्तर," तो म्हणाला. "टायर गेलेत, त्याचे वीस आधीच कापले."

"पावणेदोन? शुद्धीवर आहात का? तीनच्या खाली कोण देणार आहे ही गाडी?"

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बघा! मी सकाळधरनं म्हणतोय, इकायलाच काढलीय."

हे असं आपल्याकडे होतं. घराला रंग लागला की भाडेकरू शोधताहेत. मुलीने ब्लाउज नवा शिवला की बघायला कोणीतरी येणार. आणि गाडी चमकली की दिवाळं. स्वतःच्या वस्तूला स्वतःच्या आनंदासाठी हात लावणाऱ्या माणसाची सोय आपण कुठेच ठेवलेली नाही. बरं, ती वस्तू चमकत राहावी अशी तरी व्यवस्था आहे का? आमच्या पार्किंगमध्ये पाटी आहे: पाइपने गाडी धुतल्यास ५०० रुपये दंड. मी पाळली. चार टायर मी दोन बादल्यांत धुतले, दुसरी बादली तर जिन्यातून उतरवताना अर्धीच उरली होती. त्याच वेळी गेटवर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या जोडातून जे पाणी रस्त्यावर वाहत होतं त्यात आमच्या विंगच्या सगळ्या गाड्या न्हाल्या असत्या. त्या पाण्याला दंड नाही. ते पाणी गेटबाहेरच्या खड्ड्यात साठतं. तो खड्डा उन्हाळ्यात ड्रेनेजसाठी खणला, बुजवला, केबलसाठी खणला, आणि आता नुसताच ठेवलाय. तक्रार मी तीनदा केली. तिसऱ्या वेळी पलीकडून विचारलं, "तुम्ही भाडेकरू का मालक?" खड्ड्याला काय फरक पडतो?

संध्याकाळी भाजी आणायला गाडी काढली. गेट ते रस्ता चाळीस पावलं. खड्ड्यातून पुढची दोन चाकं गेली, मग मागची दोन. मंडईत उतरून पाहिलं तर टायर पुन्हा मातकट आणि दारं मात्र काळी. ते जे दोन हात मी लावले होते आणि टिपले नव्हते ना, ते चाकं फिरल्यावर उडून चारही दारांवर ठिपक्यांच्या पंख्यासारखे पसरले होते. गाडी पांढरी आहे. ते पाण्याने जात नाहीत, तेलकट आहेत. निघण्यासाठी दुसरी एक बाटली मिळते म्हणे.

घरी आलो तर बायको दारातच. "गाडी विकतोयस? मला बी विंगकडून कळतं हे?" मी खुलासा केला. तिला तो फारसा पटला नाही, आणि घासणीचा विषय वेगळाच निघाला.

सोमवारी टायरवाल्याकडे गेलो. त्याने भेगा पाहिल्या, ३४१८ वाचलं आणि बदला म्हणाला. चार टायर, अलाइनमेंट धरून १८,४००. "एक विचारू?" तो म्हणाला. "हे वरून काय लावलंय?"

रात्री साडेदहाला साडूच्या पोराचा मेसेज आला. "दादा, तीन दहा फायनल. टायर तेवढे नवे टाकून द्या. आणि ते काळं लावू नका."

"गाडी विकायची नाहीये," असं मी टाइप केलं. मग पुसलं. "तीन चाळीसच्या खाली जमणार नाही," असं लिहिलं आणि पाठवून दिलं.