सर्व्हे नंबर किती?

मी बिल्डरचा माणूस नाही. गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी चार वेळा बोललोय. त्यातलं एकदा चिखलात गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून, हातात गवताची काडी धरून. गवताची नव्हे, लव्हाळ्याची. हा फरक शिकायलाच तर मी तिथं मरायला गेलो होतो.

उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवता शिकवता पंचेचाळिशीत मला हुक्की आली, की लव्हाळी ओळखायची. लोक ऑर्किडच्या मागे जातात, फुलपाखरांच्या मागे जातात. मी लव्हाळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला तर बहिणीने विचारलं, "बटण चुकून दाबलं गेलं काय रे?"

पहिला धडा सोपा होता. काडी चिमटीत धरून फिरवायची. गवताची गोल असते, पेरांची, बहुधा पोकळ. लव्हाळ्याची तीनधारी, भरीव, बोटांत अडखळते. पानंही तीन रांगांत, गवताची दोन. एवढ्यावर मी दोन दिवस विद्वान म्हणून हिंडलो. तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी इलिओकॅरिस भेटलं. काडी गुळगुळीत गोल, पान नावालासुद्धा नाही, टोकावर एकच बोंडूक. तेही लव्हाळंच! नियमाला अपवाद असतात हे मी पोरांना दरवर्षी ऐकवतो, पण स्वतःच्या अंगावर आलं की बोचतं.

तर, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक पडीक शेत. सरद म्हणजे पावसाळी भात नाही, वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरचं पीक नाही, सगळं लव्हाळ्यांच्या ताब्यात. मी खाली वाकलेला, आणि मागून आवाज.

"कितें सोदता?"

हाफ पँट, बनियन, पावसासाठी डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात कोयता. बांधावर स्कूटर चालूच.

"लव्हाळं बघतोय," मी म्हणालो.

माझं मराठी ऐकून त्यांनीही मराठी काढलं. देवस्थानच्या महाजनांच्या सभेत काढतात ते, कडक इस्त्रीचं.

"सर्व्हे नंबर किती आपला?"

"माझा नाही हो. मी फक्त..."

"आपला नाही, तर मोजता कशास?"

माझ्या हातात पट्टी होती. पंधरा सेंटिमीटरची, कंपासपेटीतली. "कणसाची लांबी मोजतोय," मी म्हणालो. "मिलिमीटरमध्ये."

त्यांनी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, मग पट्टीकडे पाहिलं. "दिल्लीवाले हल्ली जमीन मिलिमीटरने घेतात काय?"

मी ओळखपत्र काढलं. ते त्यांनी माझंच भिंग घेऊन वाचलं. भिंग डोळ्याला लावायचं असतं, ते हात लांब करून धरत होते, म्हणून मी सांगायला गेलो तर म्हणाले, "शिक्का अस्पष्ट आहे." मग गोव्यातला खरा पंचनामा सुरू झाला.

"आपण कोणाचे?"

"नाईक."

"नाईक तर मीही. कुठले?"

गाव सांगितलं, आजोळ सांगितलं, मामाचं दुकान सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या विहिणीच्या नणंदेच्या घरचे तुम्ही!" मी सुटकेचा श्वास टाकला. "आणि चांगल्या घरचे असून असल्या धंद्यात पडलात? किती टक्के देतात? सतरा-दोन आहे की एकोणचाळीस-ए?"

बाहेरच्यांसाठी सांगतो, ही नगरनियोजन कायद्यातली कलमं. 17(2) आलं 2023 मध्ये, 39ए 2024 मध्ये. जमिनीचा झोन, म्हणजे ती शेतीची की बांधकामाची, हे बदलण्याशी दोघांचा संबंध, म्हणून गोव्यात हे आकडे हल्ली पाढ्यांच्या आधी पाठ होतात. त्यामुळे शेतात वाकलेल्या माणसाला काय शोधतोस असं कुणी भाबडेपणाने विचारत नाही. मला त्याचा राग येतो आणि येतही नाही.

अखेर मुळासकट तीन रोपं न्यायची परवानगी मिळाली. "बाकीची मोजून ठेवतो," ते म्हणाले.

प्रयोगशाळेत आमच्या मॅडमनी ती पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "पिकलेलं फळ कुठाय?" लव्हाळ्याची सगळी गुपितं त्या फळात. ते चपटं की तीनधारी, हे बघायचं. टोकावर बटणासारखा अंश चिकटून राहिला तर बल्बोस्टायलिस, गळून गेला तर फिम्ब्रिस्टायलिस. आणि हे फळ केवढं? जेमतेम मिलिमीटरभर! एक बरं पिकलेलं सापडलं, ते चिमट्यातून उडालं. मी पुन्हा गुडघ्यांवर, या वेळी फरशीवर. शिपाई म्हणाला, "सर, अंगठी काय?"

या कुळात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. मी मोठ्या कष्टाने किलिंगा शिकलो, त्याची पांढरी गोल डोकी लांबून ओळखू लागलो, तर कळलं की डीएनए तपासून किलिंगाला सायपेरस या गटात घातलंय. नागरमोथाही त्याच सायपेरसमधला, दिवाळीच्या उटण्यात घालतो तो. वर्षातून एकदा ज्याला अंगाला फासतो त्याला उरलेलं वर्षभर उपटून फेकतो, आणि ओळखू म्हटलं तर अंगावर शिंतोडे.

तर पिकलेलं फळ आणायला गेल्या रविवारी परत गेलो. बांध होता, शेत नव्हतं. होती ती तांबडी माती, कमरेएवढी, वर टिपरच्या चाकांचे ताजे चर. कडेला काका, डोक्यावर तीच पिशवी. कोयता नव्हता, मोबाइल होता. पंचायतीला दोनदा कळवलं म्हणाले.

"आलात? तुम्ही मोजून गेलात, पंधरवड्यात माती पडली."

"काका, मी बिल्डरचा माणूस नाही. मी लव्हाळं..."

"हो, हो. मिलिमीटरने."

आणि त्यांनी माझ्या स्कूटरच्या नंबर प्लेटचा फोटो काढला. आधी चिखल पुसून.