‘कटाईकर’ यांना उत्तर (जरा लांबलंय)

कटाईकर, नमस्कार.

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून टोपणनावानेच हाक मारते. ‘डोंबिवलीतला एक रविवार’ या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको:

“तुमची डोंबिवली फडके रोडवर सुरू होते आणि टिळकनगरात संपते. एमआयडीसीचा वास, २७ गावांतले टँकर, पाडायला निघालेल्या ६५ इमारती, यावर चकार शब्द नाही. घरबसल्या आठवणी उगाळण्यापेक्षा एकदा सकाळी आठच्या लोकलने जाऊन बघा, मग सांगा डोंबिवली कशी आहे ते.”

खाली बऱ्याच जणांनी अंगठे दिलेत. तेही पाहिले.

टीकेचं मला वावडं नाही. लेख लांबतात, फोटो अंधारे येतात, एकच गोष्ट तीनदा सांगता, असं कळवणारे वाचक मला आहेत आणि त्यांच्याशी माझं उत्तम जमतं. पण ‘घरबसल्या आठवणी उगाळण्यापेक्षा’ ही काय बोलायची रीत झाली? आपण गणपती मंदिराच्या दारात समोरासमोर भेटलो असतो तर हेच वाक्य तुमच्या तोंडून आलं असतं का? नसतं आलं. “काकू, लेख वाचला, पण एक सांगू का,” अशी सुरुवात केली असतीत, आणि मीही ऐकून घेतलं असतं. मोबाइलवर टाइप करताना माणसाला समोरच्याचं वय दिसत नाही, हे समजू शकते. निदान लेख तरी पूर्ण वाचायचा.

आता ती लोकल.

मला सांगताय? माझी अख्खी नोकरी फोर्टात झाली. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा शेवटच्या स्टेशनला व्हीटी म्हणत आणि गाड्या नऊ डब्यांच्या होत्या. रिटायर झाले तेव्हा त्याच स्टेशनच्या पाटीवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लिहिलेलं होतं आणि डबे बारा झाले होते. मधल्या काळात सरकारं बदलली, साहेब बदलले, माझी पोरं मोठी झाली. सकाळचा फलाट तेवढा बदलला नाही. लेडीज डबा कुठल्या खांबासमोर लागतो हे मला झोपेतही सांगता येईल.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, डोंबिवली लोकल डोंबिवलीहूनच सुटते म्हणजे बसायला मिळत असेल. ती फलाटाला लागते तेव्हाच आत निम्म्या बायका बसलेल्या असतात, कोपर किंवा दिव्याहून उलट्या आलेल्या. मग आम्हीही तेच करायचो. फास्टला जागा हवी असेल तर आधी कल्याणला जायचं, तिथे खिडकी पकडायची आणि पुन्हा आपल्याच स्टेशनावरून पुढे जायचं. तेव्हा फलाटावर उभ्या राहिलेल्या ओळखीच्या बाईशी नजर भिडली की उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायचं. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसून मी ठाण्यापर्यंत मेथी निवडलेली आहे. दसऱ्याला डब्याला तोरण लावलंय, हळदीकुंकू केलंय, एका मैत्रिणीचं डोहाळजेवण केलंय. आणि कुर्ल्याला उतरणाऱ्या बाईने दारात उभं राहिलेल्या मुलीच्या पाठीत कोपर मारलेलंही पाहिलंय, कारण ती मुलगी तिथे उतरणारी नव्हती आणि दार सोडत नव्हती.

तुम्ही म्हणाल, काकू, तो काळ वेगळा, तेव्हा एवढी गर्दी कुठे होती. हे मला नेहमी ऐकवलं जातं. माझ्या वेळी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी लाइन झाली, बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला आणि फास्ट मुंब्र्यावरून जायला लागली. हे मला माहीत आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं घासली जाऊन खाली पडली, तेव्हा माझा मुलगाही त्याच लाइनवर होता. त्याचा फोन लागेपर्यंत मी गॅससमोर नुसती उभी होते. गर्दी काय असते ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आणि म्हणूनच लेख रविवारचा आहे, हे तुमच्या ध्यानात आलं नाही याचं मला नवल वाटतं. सोमवार ते शनिवार मी डोंबिवली पाहिलीच कुठे? सकाळी निघताना रामनगरातली दुकानं बंद, रात्री परतताना अर्धी शटरं खाली, मधल्या वाटेवर फक्त पुढच्या माणसाची पाठ. आपल्या गल्लीत उन्हं कुठल्या बाजूने येतात हे मला कितीतरी वर्षं फक्त रविवारी कळत असे. नोकरीच्या पायी इथे राहणाऱ्या निम्म्या माणसांचं हेच असतं. आमच्या वाट्याला आठवड्याचा एक दिवस हे गाव यायचं. त्या दिवशी देवळात जायचं, वाचनालयात पुस्तक बदलायचं, फडके रोडवर ओळखीची चार माणसं भेटायची, अगदीच हुक्की आली तर उंबार्लीच्या टेकडीवर पक्षी बघायला जायचं. मी तेवढंच लिहिलं. सहा दिवस त्या गाडीत घालवलेल्या बाईने सातव्या दिवसाबद्दल लिहिलं, तर त्यातही आठची लोकल घुसवायची?

फडके रोडचा तुम्हाला एवढा राग का, तेही कळलं नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाने इथून सुरू केली आणि आज ती गावोगाव निघते. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे लेखक याच गावात राहिले. २०१७ मध्ये नव्वदावं साहित्य संमेलन इथे झालं, तेव्हा त्या नगरीला भाव्यांचंच नाव दिलं होतं. याचा अभिमान वाटणं म्हणजे आठवणी उगाळणं असेल तर असू दे. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून जी तरुण मुलं तिथे उभ्याला जागा ठेवत नाहीत, त्यात तुमच्या कटाईच्या बाजूच्या मोठमोठ्या संकुलांतली मुलंही असतात बरं का. रिक्षाला दामदुप्पट मोजून येतात. त्यांना कोणी विचारत नाही की तुमची डोंबिवली कुठे संपते.

एक मान्य करते. पश्चिमेला मी खरोखरच दोन ओळींत गुंडाळलं. मोठागावची खाडी, रेतीबंदर, आता झालेला माणकोलीचा पूल, यावर लिहिण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षं कोपरचा पूल बंद होता, तेव्हा पश्चिमेला जायचं तर ठाकुर्लीच्या पुलावरच्या गर्दीत अडकायला लागायचं. जाणं कमी झालं ते झालंच. पश्चिमेवर स्वतंत्र लेख लिहीन. झालं समाधान?

राहिला एमआयडीसीचा वास. मला नाक आहे, कटाईकर. हिरवा पाऊस पडला तेव्हा मी इथेच होते, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला तेव्हाही. २६ मे २०१६ ला तिथल्या कारखान्यात स्फोट झाला त्या वेळी मी ऑफिसात होते आणि सासूबाई घरी एकट्या होत्या. संध्याकाळी धापा टाकत पोचले तर स्वयंपाकघराच्या खिडकीला काच नव्हती, आणि त्यांनी सगळे तुकडे झाडून सुपात भरून ठेवले होते, मला दाखवायला. त्या कारखान्यापासून आम्ही चांगले लांब राहतो. २३ मे २०२४ ला पुन्हा तोच हादरा, फक्त या वेळी सासूबाई नव्हत्या. तेव्हा या विषयावर मला कोणी जागं करायची गरज नाही. पण एमआयडीसीवर रोज वर्तमानपत्रांत छापून येतं, कारखाने हलवण्याच्या घोषणाही येतात. देवळाबद्दल आणि टेकडीवरच्या पक्ष्यांबद्दल लिहिताना दर दोन परिच्छेदांनी रसायनांची आठवण काढायलाच हवी, असा नियम आहे का?

६५ इमारतींचा विषय उच्च न्यायालयात गेलेला आहे. खोटी रेरा (बांधकाम नोंदणीची) प्रमाणपत्रं कशी तयार झाली, यावर वकिलांनी लिहावं, मी कोण लिहिणार. ज्यांची घरं गेली किंवा जातील त्यांच्याबद्दल वाईट वाटतंच. आणि २७ गावं २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली पालिकेत परत आल्यापासून पाण्यावर जेवढं बोललं गेलंय तेवढं पाणी आलं असतं तर बरं झालं असतं. तो माझा प्रांत नाही. तुमचा आहे असं दिसतं, तर तुम्ही लिहा. जागा लागली तर या ब्लॉगवर देईन, मात्र लेख सभ्य भाषेत हवा.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं दोन मैत्रिणींनी मला कळवलं. काढणार नाही. अंगठे देणाऱ्यांनाही माझी मनाई नाही. तुम्हाला यावर पुन्हा उत्तर द्यायचं असेल तर खुशाल द्या, फक्त या वेळी नावानिशी. आणि ती सकाळी आठची लोकल तुम्ही स्वतः कुठे पकडता तेही लिहा, कारण कटाईला स्टेशन नाही. निळज्याहून दिव्याला येता, की रिक्षाने आमच्याच फडके रोडवरून?