‘हळू चालवणाऱ्यांमुळेच अपघात होतात’ हे म्हणणं का टिकत नाही

घरच्या ग्रुपवर मामांनी एक मजकूर पाठवला. थोड्याफार फरकाने तो याआधीही तीन-चार ठिकाणी वाचला होता. त्याचा गोषवारा असा: वेगाने कोणी मरत नाही, घाबरत आणि रेंगाळत चालवणाऱ्यांमुळे माणसं मरतात. जर्मनीच्या ऑटोबान नावाच्या महामार्गांवर वेगमर्यादाच नाही, तरी तिथे अपघात कमी. आताच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, एअरबॅग आहेत, त्यामुळे मर्यादा कालबाह्य झाल्या. ज्याचा हात बसलाय त्याला चालवू द्या आणि पायी चालणाऱ्यांना बघून रस्ता ओलांडायला शिकवा.

मामा तीस वर्षं गाडी चालवतात आणि मनापासून लिहितात, म्हणून या मजकुराला नुसतं ‘चूक आहे’ म्हणून सोडायचं नाही असं ठरवलं. शिवाय त्यातला बराच भाग अर्धा खरा आहे. अर्धं खरं असलेलं म्हणणं खोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून हे लांबलंय.

‘हळू चालवणारे जास्त धोकादायक, हे संशोधनाने सिद्ध झालंय.’

या वाक्यामागे एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्समध्ये काम करणाऱ्या डेव्हिड सोलोमन यांनी १९६४ मध्ये शहराबाहेरच्या मुख्य रस्त्यांवरील अपघातांचा अहवाल प्रसिद्ध केला. अपघातात सापडलेल्या सुमारे १०,००० चालकांचा वेग आणि त्या रस्त्यांवरचा सर्वसाधारण वेग त्यांनी ताडून पाहिला. आलेख आला तो इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा. सरासरीच्या आसपास चालणारे सगळ्यांत सुरक्षित, फार वेगात जाणारे धोक्यात आणि फार हळू जाणारेही धोक्यात. साठ वर्षं झाली, हा आलेख अजून फिरतोय.

पण त्यात ‘हळू’ कोणाला म्हटलंय ते पाहा. वळायचं म्हणून वेग कमी केलेली गाडी, वळणासाठी खोळंबलेली गाडी, नुकतीच बाजूच्या रस्त्यावरून आत आलेली गाडी, सगळ्या हळू चालणाऱ्यांत मोजल्या गेल्या. म्हणजे कोणी इंडिकेटर देऊन वळायला थांबला आणि मागून भरधाव येणाऱ्याने त्याला ठोकलं, तर थांबलेल्याची नोंद ‘हळू चालक, अपघातग्रस्त’ अशी. त्यातून अपघाताआधीचा वेग हा बहुतेक वेळा चालकाच्या सांगण्यावर किंवा अंदाजावर आधारलेला. १९७०च्या सुमारास अमेरिकेतच इतर संशोधकांनी वळणाऱ्या गाड्या बाजूला काढून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा आलेखाची डावी बाजू, म्हणजे हळू चालणाऱ्यांची, बरीच खाली बसली.

पुढे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये याहून काटेकोर काम झालं. १९९७ सालच्या त्या अभ्यासात ६० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यांवरच्या अपघातांत प्रत्येक गाडीचा वेग घटनास्थळाच्या खुणांवरून काढला आणि त्याच जागी, आठवड्याच्या त्याच वारी, त्याच वेळी जाणाऱ्या इतर गाड्यांचा वेग मोजून तुलना केली. ६०च्या वर प्रत्येक ५ किलोमीटरला जखमी होण्याइतक्या मोठ्या अपघाताचा धोका जवळजवळ दुप्पट होत गेला. ६०च्या खाली चालणाऱ्यांचा धोका वाढल्याचं मात्र दिसलं नाही.

आणि खुद्द सोलोमन यांनी लिहिलं होतं की वेग वाढतो तशी अपघाताची तीव्रता वाढते, विशेषतः ताशी ६० मैलांच्या, म्हणजे साधारण ९७ किलोमीटरच्या पुढे. त्यांचा आलेख पाठवणारे हे पान कधीच पाठवत नाहीत. याचा मला राग येतो, कारण ते पान वाचलेला माणूस आलेख असा वापरणार नाही.

आता यातलं खरं ते मान्य करतो. वेगातली तफावत धोकादायकच असते. रात्री द्रुतगती मार्गावर मागचे दिवे बंद असलेला ट्रॅक्टर रेंगाळत असेल तर तो धोका आहे आणि तो त्या रस्त्यावर असता कामा नये. पण तफावतीला दोन टोकं असतात. साध्या रस्त्यावर खालच्या टोकाला कोण असतं? ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस, १५ने जाणारा सायकलवाला, हातगाडी ढकलणारा. त्यांचा वेग वाढवता येत नाही. तफावत कमी करायची तर हलवता येण्याजोगं टोक एकच उरतं, वरचं. तफावतीचा मुद्दा मजकुरात ज्या बाजूने मांडलाय त्याच्या उलट बाजूला तो जातो.

‘वेग मारत नाही, कंट्रोल सुटणं मारतं.’

इथे थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. रस्ता कोरडा, टायर चांगले, चालक सावध. समोर काही आलं हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १ सेकंद धरू. ताशी ५० किलोमीटरला त्या एका सेकंदात गाडी सुमारे १४ मीटर जाते आणि कचकचून ब्रेक दाबल्यावर आणखी १४ मीटरांत थांबते. एकूण २८ मीटर.

आता शेजारून दुसरी गाडी ६०ने येतेय. तसाच चालक, तसेच ब्रेक, दोघांनाही मूल एकाच क्षणी दिसलं. दुसऱ्या गाडीचे पहिले १७ मीटर पाय ब्रेकवर जाण्यातच संपतात. उरतात ११. पहिली गाडी जिथे थांबली त्या २८ मीटरच्या रेषेवर दुसरीचा वेग अजून ताशी ४० किलोमीटर आहे. फरक १०चा होता, धडक ४०ची झाली. तिसरी गाडी ७०ने आली असती तर त्याच रेषेवर तिचा वेग ५८ असता.

पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा चुकलंय असं वाटून मी ते पुन्हा केलं. पटत नाही, कारण ब्रेक दाबल्यावर वेग मीटरामागे सारखाच घटत जातो असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. ५०वरून ४०वर यायला जवळपास ५ मीटर लागतात, तर १०वरून शून्यावर यायला जेमतेम अर्धा. वेग उतरतो तो मुख्यतः शेवटच्या टप्प्यात, आणि जादा वेगाने आलेल्या गाडीला तो टप्पा मिळतच नाही.

यातल्या कोणत्याही चालकाचा कंट्रोल सुटलेला नाही हे लक्षात घ्या. तिघांनीही वेळेवर, बरोबर ब्रेक लावला.

एकेका अपघाताचं हे गणित पूर्ण रस्त्याच्या पातळीवरही दिसतं. स्वीडनचे योरान निल्सन यांनी वेगमर्यादा बदलल्यावर अपघात कसे बदलतात हे अभ्यासून एक सूत्र मांडलं. रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघात सुमारे ४ टक्क्यांनी वाढतात. पुढच्या संशोधकांनी त्यात बारीकसारीक सुधारणा केल्या, पण वेगापेक्षा मृत्यू कितीतरी झपाट्याने वाढतात हा गाभा बदललेला नाही.

‘ऑटोबान बघा.’

बघू या. ऑटोबानवर पायी चालायला बंदी, सायकलला बंदी. ज्या वाहनाची बांधणीच ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाची नाही त्यालाही बंदी. मध्ये दुभाजक, त्यामुळे समोरून कोणी येत नाही. चौक नाही, सिग्नल नाही. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवीकडून ओव्हरटेक केलं तर दंड. अवजड ट्रकना ८०ची मर्यादा आहे आणि मोटारींनाही १३०चा अधिकृत सल्ला आहे. त्याहून वेगात असताना अपघात झाला, तर स्वतःची चूक नसतानाही भरपाईचा काही वाटा चालकावर येऊ शकतो. शिवाय ऑटोबानच्या बऱ्याच पट्ट्यांवर पक्की मर्यादा लागू आहे.

म्हणजे ऑटोबान कमी धोक्याचा आहे तो ज्या गोष्टींची टक्कर होऊ शकते त्या आधीच रस्त्याबाहेर काढल्यामुळे. मर्यादा असलेल्या देशांतही याच धाटणीचे महामार्ग बाकी रस्त्यांपेक्षा सुरक्षित असतात. जर्मनीत रस्त्यावर सर्वाधिक माणसं मरतात ती शहराबाहेरच्या साध्या रस्त्यांवर, जिथे समोरून गाड्या येतात. बर्लिनच्या वायव्येला ए-२४ या ऑटोबानच्या साधारण ६० किलोमीटरच्या पट्ट्यावर २००२च्या अखेरीस १३०ची मर्यादा लावली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत तिथले अपघात जवळपास निम्म्यावर आले. ऑटोबानचं उदाहरण द्यायचंच असेल तर हेही त्यातलंच आहे.

‘आताच्या गाड्या सुरक्षित आहेत.’

आतल्यांसाठी, आणि एका मर्यादेपर्यंत. अमेरिकेत २०२१ मध्ये एकाच मॉडेलच्या ३ गाड्या ताशी ६४, ८० आणि ९० किलोमीटरने आदळवून पाहिल्या. ६४ला चालकाची जागा जवळपास शाबूत राहिली, ८०ला दरवाजा आणि पुढचा भाग ठळकपणे वाकला, ९०ला चालकाची जागाच चेपली गेली. एअरबॅग तिन्हींत होत्या.

एबीएसबद्दल म्युनिकमधली टॅक्सींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८०च्या दशकात एकाच कंपनीच्या काही टॅक्सींना एबीएस बसवलं, काहींना नाही, बाकी गाड्या सारख्या. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. चालकांच्या वागण्याची नोंद घेतली तेव्हा दिसलं की एबीएस मिळालेले लोक वळणं जास्त जोरात घेत होते आणि पुढच्या गाडीला जास्त चिकटून चालत होते. गाडीने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च करून टाकली होती.

‘ज्याचा हात बसलाय त्याला चालवू द्या.’

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं की गटातल्या इतरांच्या तुलनेत तुमचं ड्रायव्हिंग कसं आहे. अमेरिकेतल्या ९३ टक्के जणांनी आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के जणांनी स्वतःचं कौशल्य मधल्या पातळीच्या वर ठेवलं. हात बसलाय की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं म्हटलं तर मर्यादा कोणालाच उरत नाही.

आणि मामा, तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही याचा मला खरंच अभिमान आहे. पण त्यावरून वेग निर्धोक ठरत नाही. जीवघेणा अपघात एकेका चालकाच्या आयुष्यात इतका विरळ असतो की वेगाने चालवणाऱ्यांपैकीही बहुतेकांना तो कधीच होत नाही. ज्यांना झाला त्यातले कित्येक ग्रुपवर आपला अनुभव लिहायला उरले नाहीत. वाचलेल्यांच्या सांगण्यावरून धोका मोजला तर तो नेहमीच कमी भरणार.

‘हळू गेलं की वेळ जातो आणि कोंडी होते.’

१० किलोमीटर सलग ५०ने गेलात तर १२ मिनिटं, ६०ने गेलात तर १०. तीही वाटेत एकही चौक नसेल तर. कोंडीचं म्हणाल, तर जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरचा एकच वेग ठेवायला सांगितला. ना चौक, ना अडथळा, ना कोणी मुद्दाम रेंगाळणारा. तरी थोड्या वेळात कोंडी झाली आणि ती लाटेसारखी मागे सरकत राहिली. कोणी पुढच्याच्या फार जवळ गेला, ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जोरात दाबला, आणि साखळी लागली. गर्दीत पुढे घुसून ब्रेक मारणारा ही साखळी सुरू करतो. अंतर राखून सावकाश येणारा ती तोडू शकतो.

‘पायी चालणाऱ्यांनी बघून रस्ता ओलांडावा.’

मला सगळ्यांत जास्त टोचलेलं वाक्य हे. बघून ओलांडावाच. पण बघणाऱ्याला किती दिसतं?

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं. समोरून येणारी गाडी जवळ येतेय हे आपल्याला तिची प्रतिमा मोठी होत जाते त्यावरून कळतं. प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांची ही जाण अजून घडत असते. ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी ५ सेकंदांवर असताना ती जवळ येतेय हे या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही, असं त्यांना आढळलं. मूल थांबलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आईने शिकवलेलं सगळं केलं आणि तरीही पाऊल टाकलं, असं होऊ शकतं. त्याच्या डोळ्यांना ती गाडी उभी असल्यासारखी वाटते. हे शिकवून येत नाही, वयानुसार येतं.

आणि गाठ पडलीच तर काय होतं? जर्मनीतल्या अपघातांच्या सविस्तर नोंदींवरून काढलेला हिशेब असा: ताशी ५० किलोमीटरने धडक बसलेल्या प्रौढ पादचाऱ्याला मृत्यूचा धोका ४०च्या धडकेच्या दुपटीहून जास्त आणि ३०च्या धडकेच्या पाचपटीहून जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर होती. ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे.

म्हणूनच रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि वाहनं एकमेकांत मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. नॉर्वेची राजधानी ऑस्लोने बऱ्याच रस्त्यांवर वेग कमी केला, मध्यभागातलं पार्किंग हटवलं, शाळांभोवती गाड्यांना आवर घातला. फक्त मर्यादेच्या पाटीने सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण २०१९ या पूर्ण वर्षात त्या शहरात एकही पादचारी आणि एकही सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. त्या शहरातली मुलंही लहानच होती, आणि येणारी गाडी त्यांनाही इतर मुलांइतकीच दिसत होती.