गोधडी विकून क्लासची फी?

"मुलींना हातानं काहीतरी करायला शिकवू, ते विकू, त्यातून त्या फी भरतील," एवढंच गुरुजी म्हणाले आणि कट्ट्यावर दोन तट पडले.

गुरुजींच्या डोक्यात होत्या नववी-दहावीतल्या मुली. शनिवारी दुपारी एकत्र बसायचं. गोधड्या, राख्या, आकाशकंदील करायचे. साताऱ्यात बसून असलं काही बोलायचं म्हटलं की कर्मवीर अण्णांचं नाव निघतंच. "1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. पोरं अंगमेहनत करून शिकली. मग मुलींनी का नाही करायची?"

"गुरुजी, ती पोरं बोर्डिंगात होती," वकील म्हणाला. "सगळ्यांनी मिळून राबायचं, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. तुमची मुलगी शाळेतून येऊन भांडी घासणार, भाकऱ्या थापणार, धाकट्याला सांभाळणार आणि मग सुई धरणार. आणि एक विचारू? तिच्या भावाच्या क्लासची फी कोण भरतंय? त्याला सांगितलंय का कुणी कंदील करून वीक म्हणून?"

गुरुजी गप्प. बाकीचेही. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी मुलगा-मुलगी दोन्ही आहेत, त्यामुळे प्रश्न जरा जवळूनच गेला.

बँकवाल्यानं मुद्दा दुसरीकडे ओढला. "आधी फी कसली ते बोला. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पासही फुकट, अहिल्याबाई होळकर योजनेत. मग पैसा जातो कुठं? क्लासला, जर्नलांना, अकरावी सायन्सला. नाहीतर विनाअनुदानित इंग्रजी शाळेला."

खरं आहे. फी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेची पावती येते. मुलगी मागे पडते ती बहुतेक वेळा पावती न मिळणाऱ्या खर्चापायी.

आता टेलरमावशी बोलल्या. चहाच्या टपरीला लागूनच त्यांचं दुकान आहे. मशीन चालू असलं तरी कान आमच्याकडे असतात. "राख्या काढून टाका," म्हणाल्या. "राखी डझनावर जाते. दोरा, मणी, गोंद व्यापाऱ्याचा, दरही त्याचाच. सबंध दुपार मान मोडून बसलं तरी हाती चिल्लर. आणि श्रावणातला माल व्यापाऱ्याला उन्हाळ्याच्या आधीपासून लागतो, म्हणजे नेमका दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. कंदिलांचंही तेच. गिऱ्हाईक येतं दिवाळीच्या आधी, तेव्हा पोरींची सहामाही चाललेली असते."

हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं शाळेत घालवलेल्या गुरुजींच्यासुद्धा.

"मग गोधडी," गुरुजी म्हणाले.

"गोधडी चालेल. तिला हंगाम नाही, थंडीत जरा जास्त खपते इतकंच. परीक्षा आली की घडी घालून ठेवायची, संपली की पुन्हा उलगडायची. जुनी लुगडी घरोघरी मिळतात. पण हिशेब ऐका. एकेरी गोधडी, दाट धावदोरा, माझ्यासारखीला 60 तास. पोरींना जास्तच. तासाला 40 रुपये धरले तरी नुसती मजुरी 2,400. दोरा, अस्तर वेगळं. आणि बाजारात मशीनची गोधडी हजाराच्या आत मिळते."

"गरीब मुलींनी केलीय म्हटल्यावर घेतील की लोक," टपरीवाला मध्येच म्हणाला.

मावशी भडकल्या. "एकदा घेतील! दया म्हणून घेतलेली गोधडी माळ्यावर जाते, दुसरी कुणी मागत नाही. टाका बघून घेणारा पाहिजे. आणि त्या चिठ्ठीवर 'गरीब मुलगी' लिहून वर्गात तिचं तोंड कशाला काळं करायचं?"

वकिलाला कायदा सांगितल्याशिवाय चहा पचत नाही, पण या वेळी तो कामाचं बोलला. 1986 चा बालकामगार कायदा, 2016 ची दुरुस्ती. चौदाच्या आतल्या मुलाला घरच्या धंद्यात मदत करता येते, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. चौदा ते अठरा वयाला धोकादायक कामं वर्ज्य, बाकी चालतात. "म्हणजे तुमचा गट हा कुणाचा घरचा धंदा नाही. चौदा पूर्ण नसलेली एकही मुलगी विकायच्या कामात घ्यायची नाही. शिकायला बसू दे खुशाल."

गुरुजींनी पुणे विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेचा दाखला दिला. वकिलानं तोच उलटवला: तिथं कॉलेजची मुलं असतात आणि मानधन तासावर मिळतं. नगावर दिलं की शाळकरी मुलगी रात्री बारापर्यंत टाके घालणार.

मला विचाराल तर खरी गोम पैसा कुणाच्या हातात जातो यात आहे. कष्ट वाईट नाहीत. पण मुलीची कमाई बापाच्या खिशात गेली तर ती फी होत नाही, घरखर्च होते. आणि एकदा घर त्या पैशावर चालायला लागलं की 'परीक्षा आहे, महिनाभर सुई धरणार नाही' असं म्हणायची तिची सोय संपली. बँकवाल्यानं सांगितलं, दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं 2014 लाच दिली आहे. रकमेची मर्यादा बँक ठरवते. पैसे थेट तिथं टाकायचे.

"आणि पालक चिडले तर?" टपरीवाला.

"तर त्यांच्याशी बोलायला गुरुजी आहेत," मावशी म्हणाल्या. "मी शनिवारी दोन तास शिकवते, फुकट. एक अट. मुलीसोबत घरात भाऊ असेल तर त्यालाही पाठवायचं. उसवायला, दोरा ओवायला, कापड कापायला. नाहीतर मी नाही."

गुरुजी हो म्हणाले, जरा उशिरानं. पण दरावर काही जमलं नाही. मावशी तीन हजाराच्या खाली यायला तयार नव्हत्या आणि गुरुजींना पंधराशेच्या वर गिऱ्हाईक दिसत नव्हतं. शेवटी मावशींनी बँकवाल्याकडे मोर्चा वळवला, "तुमच्या धाकट्याचं लग्न आहे ना मार्गशीर्षात? किती गोधड्या लिहू?" तो म्हणाला, घरी विचारून सांगतो.